शाळेसाठीचा एआय शिकवणी-सहायक : वर्गात वापरल्यानंतरचे परीक्षण

शाळांसाठी खास तयार केलेली म्हणून विकल्या जाणाऱ्या एआय सेवांपैकी एक सेवा आमच्या शाळेने गेल्या शैक्षणिक वर्षात घेतली आणि माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना मी ती नियमितपणे वापरली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण या बाजारातल्या बहुतेक सेवा आतून मोजक्याच कंपन्यांच्या भाषा-मॉडेलांवर, म्हणजे माणसासारखा मजकूर लिहिणाऱ्या संगणक-प्रणालींवर, उभ्या असतात आणि ज्या गुणदोषांविषयी मी लिहिणार आहे ते एका उत्पादनापुरते मर्यादित नाहीत. सेवेचे चार भाग आहेत: विद्यार्थ्याशी संवाद साधत शिकवणारा सहायक, शिक्षकांना पाठ टाचण व सराव-प्रश्न तयार करून देणारा कक्ष, निबंध आणि दीर्घोत्तरे तपासून गुण सुचवणारी सोय, आणि एखादा मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे सांगणारे साधन. चारही भाग एकाच करारात मिळतात, एकाच पडद्यावर दिसतात आणि विक्री-प्रतिनिधी चारही भागांची सारखीच स्तुती करतात. प्रत्यक्षात त्यांची योग्यता एकमेकांपासून फार वेगळी आहे आणि शाळा चालवणाऱ्यांनी प्रत्येक भागाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

शिकवणी-सहायकापासून सुरुवात करते, कारण खरी आशा तिथेच आहे. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये मांडले होते की, विद्यार्थ्याला एकेकटे बसवून, एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची पायरी घेत शिकवले, तर अशा शिकवणीतला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. एआय शिकवणीच्या बहुतेक जाहिराती आजही याच निष्कर्षाच्या आधाराने केल्या जातात. जाहिरातींत न येणारी गोष्ट अशी की, संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र ठेवून तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या वैयक्तिक शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. मात्र त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते: विद्यार्थ्याच्या केवळ अंतिम उत्तराकडे न पाहता त्याच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकीय शिकवण्या माणसाच्या शिकवणीच्या जवळजवळ बरोबरीला आल्या होत्या. त्या शिकवण्या आजच्या भाषा-मॉडेलांच्या कितीतरी आधीच्या होत्या, त्यांना धड संवादही साधता येत नव्हता. म्हणजे यंत्र किती गोड आणि अस्खलित बोलते यापेक्षा ते मुलाच्या विचाराची पायरी पाहते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. हे संपूर्ण परीक्षण मी त्याच कसोटीवर केले आहे.

सहायक चांगला चालतो तेव्हा काय होते, ते एका उदाहरणावरून सांगते. अपूर्णांकांच्या बेरजेत एका मुलीने १/२ + १/३ याचे उत्तर २/५ असे लिहिले. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक प्रत्येक गणित-शिक्षकाच्या परिचयाची आहे आणि आपण सहसा लगेच लसावि काढायची आठवण करून देऊन पुढे जातो. सहायकाने तसे केले नाही. त्याने विचारले, “तुझे उत्तर २/५ आहे. २/५ हे १/२ पेक्षा मोठे आहे की लहान?” मुलीने वहीत दोन्ही अपूर्णांकांचे छेद १० करून ४/१० आणि ५/१० असे लिहिले आणि ‘लहान’ असे उत्तर टाइप केले. त्यावर पुढचा प्रश्न आला, “१/२ मध्ये आणखी काही मिळवल्यावर बेरीज १/२ पेक्षा लहान कशी होईल?” ती बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, छेद सारखे केल्यावरच मला तुलना करता आली. मग बेरीजसुद्धा छेद सारखे करूनच करायची ना?” तिने स्वतःच ३/६ आणि २/६ मिळवून ५/६ उत्तर काढले.

या प्रसंगात सहायकाने तिला नियम सांगितलाच नाही. तिच्या उत्तरातली विसंगती तिच्यासमोर ठेवली आणि वाट पाहिली. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलीसाठी एवढा वेळ थांबणे मला नेहमी शक्य होत नाही, आणि थांबले तरी बाकीची मुले थांबत नाहीत. चारचौघांत शंका विचारायला लाजणारी मुले सहायकाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, मागच्या इयत्तेतले राहून गेलेले विचारतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. वर्गात क्वचितच तोंड उघडणाऱ्या काही मुलांच्या संवादांत मला इतके नेमके प्रश्न सापडले की, त्यांच्याविषयीचे माझे मत बदलले. पैसे देऊन खासगी शिकवणी लावणे ज्यांना परवडत नाही, त्या घरांतल्या मुलांना अशी सोबत मिळत असेल तर ती नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता याच सहायकाचा दुसरा चेहरा. सेवेतल्या या भागाला ‘थेट उत्तर देऊ नये’ अशी सूचना आतून दिलेली असते. मुलांना ही सूचना वळसा घालून टाळण्याची वाट फार लवकर सापडली. सहायकाने काहीही विचारले तरी ‘माहीत नाही’ एवढेच टाइप करत राहायचे. पहिल्या ‘माहीत नाही’ला इशारा मिळतो, दुसऱ्याला अधिक स्पष्ट इशारा, तिसऱ्याला अर्धी रीत, आणि त्यानंतर सहायक स्वतःच संपूर्ण उदाहरण सोडवून शेवटी ‘आता समजले का?’ असे विचारतो. मूल ‘हो’ म्हणते. त्या संवादाची नोंद, मुलांची प्रगती दाखवणाऱ्या शिक्षकांच्या पडद्यावरील फलकावर, ‘घटक पूर्ण’ अशी होते. संवाद उघडून वाचल्याशिवाय मुलीने स्वतः शोधलेले ५/६ आणि ‘माहीत नाही’च्या जोरावर मिळवलेले ५/६ यांत काहीही फरक दिसत नाही. फलकावरचे हिरवे रंग पाहून ज्या मुख्याध्यापकांना समाधान वाटते, त्यांनी दर आठवड्याला निदान काही संवाद पूर्ण वाचावेत, अशी माझी विनंती आहे.

ही शंका केवळ एका वर्गातल्या निरीक्षणावर आधारलेली नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना सरावासाठी साधा चॅटबॉट, म्हणजे संवाद साधणारा प्रोग्रॅम, दिला होता, काहींना इशारे देणारा आणि शिक्षकांच्या मदतीने घडवलेला चॅटबॉट दिला होता, आणि काहींनी नेहमीप्रमाणे वह्या-पुस्तकांवर सराव केला. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि घडवलेला वापरणाऱ्यांची तब्बल १२७ टक्क्यांनी सरस ठरली. नंतर मदत काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा साधा चॅटबॉट वापरणारे विद्यार्थी, ज्यांना कधीच चॅटबॉट मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. घडवलेल्या चॅटबॉटच्या गटात ही हानी जवळजवळ नाहीशी झाली, पण सरावातली ती मोठी आघाडीही परीक्षेत दिसली नाही. सर्वांत काळजीची बाब अशी की, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो आहोत, याची जाणीवच नव्हती.

या प्रयोगातून शाळांनी घ्यायचा अर्थ माझ्या मते सरळ आहे. सरावातील गुण वाढले हे विक्री-प्रतिनिधी दाखवतील आणि ते आकडे खरेही असतील, पण ते शिकण्याचे माप नव्हे. सहायक बंद करून, कोऱ्या कागदावर, घटक संपल्यानंतर काही दिवसांनी घेतलेली छोटी चाचणी हेच खरे माप. आमच्या वर्गात मी अशा चाचण्या ठेवल्या आणि त्यांत जी मुले सहायकाशी वाद घालत होती, आपली रीत त्याला समजावून सांगत होती, ती टिकून राहिली. जी मुले केवळ होकार देत होती, त्यांच्या वह्या सुंदर होत्या आणि चाचणीचे कागद रिकामे होते.

अचूकतेविषयीही स्पष्ट लिहायला हवे. एका मुलाने ३/४ ÷ २/५ हे उदाहरण सोडवताना दोन्हींचे छेद समान केले, १५/२० ÷ ८/२० असे लिहिले आणि छेद सारखेच असल्यामुळे १५ भागिले ८, म्हणजे १५/८ असे उत्तर काढले. रीत पूर्णपणे बरोबर आहे आणि गुणाकार-व्यस्ताच्या पाठ केलेल्या नियमापेक्षा तिच्यात समज अधिक आहे. सहायकाने त्याला सांगितले की, छेद समान करणे ही बेरीज-वजाबाकीची रीत असून भागाकारात ती चालत नाही. मग सहायकाने स्वतःच व्यस्त घेऊन गुणाकार केला, तेच १५/८ उत्तर काढले आणि ‘आता तुझे उत्तर बरोबर आहे’ असे लिहिले. त्या मुलाने आपली रीत खोडली होती. मी शेजारून जाताना ती खोडलेली ओळ दिसली म्हणून विचारणा झाली, नाहीतर एक चांगला विचार मनातल्या मनात चुकीचा ठरून संपला असता. भाषा-मॉडेल पुढचा संभाव्य शब्द निवडत वाक्य तयार करते, त्यामुळे जी रीत पुस्तकांत वारंवार येते ती त्याला सहज सुचते आणि विरळ रीत चुकीची वाटू शकते. शिवाय बरोबर सांगताना आणि चूक सांगताना त्याचा स्वर सारखाच ठाम असतो. चूक करणारा शिक्षकही अडखळतो, फळ्याकडे पुन्हा पाहतो, आणि मुलांना त्या अडखळण्यातून बरेच काही कळते. येथे तसा कोणताही संकेत मिळत नाही.

शिक्षकांच्या कक्षाविषयी मात्र माझे मत चांगले आहे आणि ते थोडक्यात सांगता येते. एकाच घटकावर तीन काठिण्य पातळ्यांचे सराव-प्रश्न, शाब्दिक उदाहरणांच्या भाषेची सोपी आवृत्ती, आजारपणामुळे वर्ग बुडलेल्या मुलासाठी उजळणीचा कागद, पालकांना पाठवायच्या सूचनेचा मसुदा, ही कामे पूर्वी संध्याकाळ खात असत आणि आता ती तास बदलण्याच्या आत होतात. येथे यंत्राचे लिखाण मुलांपर्यंत पोहोचण्याआधी शिक्षकाच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याच्या चुका पकडल्या जातात. उत्तरसूची मात्र प्रत्येक वेळी स्वतः सोडवून पाहावीच लागते, कारण प्रश्न उत्तम आणि उत्तर चुकीचे, असे अनेकदा घडले. या भागात जो वेळ वाचतो तो शाळेने शिक्षकांना मुलांसाठी वापरू द्यावा, आणखी अहवाल भरायला लावून संपवू नये.

निबंध तपासण्याची सोय मी भाषेच्या सहकाऱ्यांबरोबर बसून पाहिली. शुद्धलेखन, परिच्छेदांची बांधणी, मुद्द्यांची पुनरावृत्ती यांवरचे तिचे शेरे उपयोगी आहेत आणि कच्च्या मसुद्यावर मुलाला लगेच काही प्रतिसाद मिळतो, हा लाभ खरा आहे. पण गुण देणे ही वेगळी जबाबदारी आहे. तोच निबंध पुन्हा टाकला की गुण बदलले. सरळ, मोजक्या शब्दांत लिहिणाऱ्या मुलीपेक्षा जड शब्दांची आरास मांडणारा मुलगा वर गेला. ज्याचे कारण विचारले तर दर वेळी नवे कारण मिळते, असा गुणदाता आपण माणसांमध्ये स्वीकारला नसता. इंग्लंडमध्ये २०२० साली महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा शिक्षकांनी अंदाजलेले गुण एका संगणकीय सूत्राने बदलले गेले आणि ए-लेव्हल या शालेय शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेच्या जवळजवळ ४० टक्के श्रेणी खाली आल्या. आक्रोश इतका झाला की काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. ते सूत्र आजच्या अर्थाने एआय नव्हते, पण मुलाच्या भविष्याचा निवाडा ज्याला जाब विचारता येत नाही अशा यंत्रणेच्या हाती दिला की काय होते, ते तेव्हा जगाने पाहिले आहे. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणालींना ‘उच्च जोखीम’ गटात ठेवले आहे आणि हा गट योग्यच आहे.

यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन हा या सेवेचा सर्वांत घातक भाग आहे आणि तो शाळांनी सरळ बंद करावा, असे मी स्पष्टपणे लिहिते. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत अशा साधनांची मागणी एकदम वाढली. ते बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले होते. यंत्राने लिहिलेल्या मजकुरांपैकी केवळ २६ टक्के ते ओळखत असे आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरांपैकी ९ टक्के मजकूर ते यंत्राचे ठरवत असे. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये ते काढून घेण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींचे निबंध ती साधने सरासरी ६१ टक्के वेळा यंत्रलिखित ठरवत होती. कारण समजण्यासारखे आहे: अशी साधने शब्दांची निवड किती अपेक्षित आहे हे मोजतात, आणि परकी भाषा शिकणारा विद्यार्थी मोजकाच शब्दसंग्रह आणि ठरावीक वाक्यरचना वापरतो. म्हणजे प्रामाणिकपणे, जपून, शिकवल्याप्रमाणे लिहिणारे मूलच आरोपी ठरते.

आमच्याकडे एका विद्यार्थिनीच्या निबंधावर असाच लाल शिक्का आला. तिच्या वहीत त्या निबंधाचे कच्चे लेखन होते, खाडाखोड होती, समासात मुद्द्यांचे टिपण होते, म्हणून प्रश्न सुटला. ज्या मुलाने वही जपून ठेवली नसेल, त्याने निर्दोषत्व कसे सिद्ध करायचे? शिवाय शिक्षकाने आपल्यावर संशय घेतला ही गोष्ट मूल विसरत नाही. नक्कल रोखायची असेल तर जुने उपाय पुरेसे भक्कम आहेत: वर्गात हाताने लिहून घेणे, मसुदे पाहणे, लिहिलेल्या मजकुरावर दोन प्रश्न तोंडी विचारणे. स्वतः लिहिलेले मूल त्या दोन प्रश्नांवर मोकळेपणाने बोलू लागते.

आणखी एक बाब करारात फारशी स्पष्ट नव्हती आणि ती मला संवाद वाचताना दिसली. मुले सहायकाशी केवळ गणित बोलत नाहीत. घरातली भांडणे, मैत्रिणीने टाकून बोललेले शब्द, परीक्षेची भीती, हे सारे अपूर्णांकांच्या मधेच उतरलेले असते. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा अगदी साधा संवादी प्रोग्रॅम जगासमोर आणला, तेव्हाच दिसले होते की, यंत्राकडून आपलेच शब्द प्रश्नरूपाने परत आले तरी माणसे मन मोकळे करू लागतात. आजची मॉडेले तर कितीतरी अधिक आपुलकीने बोलतात. सहायक अशा वेळी ‘विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीशी बोल’ असे सुचवतो आणि ते बरोबरच आहे, पण त्या मुलाने तसे लिहिले आहे हे शाळेत कोणाला कळते, किती वेळात कळते आणि कळल्यावर कोणी काय करायचे, याची कोणतीही व्यवस्था सेवेबरोबर येत नाही. ती शाळेने आधी उभारावी लागते. ज्या शाळेत समुपदेशक नाही आणि संवाद वाचण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही, त्या शाळेने मुलांना हा सहायक घरी वापरण्यासाठी देऊ नये.

हे सर्व संवाद शेवटी कंपनीच्या संगणकांवर साठतात, म्हणून त्यांची मालकी हा केवळ वकिलांनी पाहायचा विषय नाही. लॉस एंजेलिसच्या शालेय विभागाने मार्च २०२४ मध्ये ‘एड’ नावाचा चॅटबॉट मोठ्या समारंभाने सुरू केला. करार ६० लाख डॉलरपर्यंतचा होता. जूनमध्ये तो बनवणाऱ्या कंपनीने आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि चॅटबॉट बंद पडला. विद्यार्थ्यांच्या माहितीचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हा पालकांनी विचारला. तो प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारला गेला पाहिजे. नोंदी किती काळ ठेवल्या जातात, मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जातात का, करार संपल्यावर त्या पुसल्याचा लेखी दाखला मिळतो का, कंपनी विकली गेली तर काय, यांची उत्तरे आम्हाला मागावी लागली आणि काही उत्तरे अनेक स्मरणपत्रांनंतर आली. वयाची अटही गांभीर्याने घ्यावी. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गात जनरेटिव्ह एआय, म्हणजे मजकूर किंवा चित्रे स्वतः तयार करणारे एआय, वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे. आमच्या सेवेत नोंदणी करताना जन्मवर्ष विचारले जाते, पण ते पडताळले जात नाही. युरोपीय संघाने शाळांमध्ये चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरताच अपवाद ठेवून. आमच्या सेवेत ‘विद्यार्थ्याचे लक्ष किती आहे’ हे कॅमेऱ्यातून सांगणारी सोय ऐच्छिक म्हणून देऊ केली होती. खिडकीबाहेर पाहणारे मूल उदाहरणाचाच विचार करत असू शकते, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला ठाऊक असते. ती सोय आम्ही घेतली नाही, याचा मला आनंद आहे.

घाईने घेतलेले निर्णय दोन्ही दिशांनी फसलेले दिसतात. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवली. दक्षिण कोरियाने मार्च २०२५ पासून एआय पाठ्यपुस्तके वर्गांत आणली आणि शिक्षक-पालकांच्या विरोधानंतर ऑगस्टमध्ये कायदेमंडळाने त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून त्यांना पूरक साहित्यात टाकले. दोन्ही ठिकाणी निर्णय वरून आला होता. आमच्या शाळेतही प्रशिक्षण म्हणून एक दुपार मिळाली. तिच्यात बटणे कुठे आहेत हे दाखवले गेले, पण ‘माहीत नाही’ टाइप करत राहणाऱ्या मुलापुढे शिक्षकाने काय करावे, यावर एक शब्दही नव्हता. ते आम्ही आपसांत बोलून शोधले. सहायकाशी बोलण्याआधी वहीत स्वतःचा प्रयत्न लिहायचा, आणि संवाद संपल्यावर सहायकाने काय बरोबर सांगितले व काय पटले नाही हे दोन ओळींत लिहायचे, असा नियम केला. तो लागू झाल्यावर मुले सहायकाच्या चुका शोधू लागली आणि ती चढाओढ वर्गासाठी फार फलदायी ठरली. भागाकाराची खोडलेली रीत त्या मुलाने नंतर फळ्यावर येऊन सगळ्यांना समजावली.

वर्ष संपताना नूतनीकरणाचा प्रश्न आला, तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत आम्ही भागवार निर्णय घेतला. शिक्षकांचा कक्ष ठेवला. शिकवणी-सहायक तेरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना, शाळेच्या वेळेत, शिक्षक वर्गात असतानाच वापरू द्यायचा असे ठरले, आणि घरून वापरण्याची सोय समुपदेशकाची नेमणूक होईपर्यंत बंद ठेवली. निबंधावरचे शेरे मसुद्यापुरते ठेवले, गुण सुचवणारी खिडकी बंद केली. यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन सर्वांच्या खात्यांतून काढायला सांगितले. कंपनीकडे तीन बदलांची लेखी मागणी केली: मुलाने निदान एक पायरी स्वतः लिहिल्याशिवाय सहायकाने पुढचा इशारा देऊ नये, फलकावर ‘घटक पूर्ण’ याऐवजी मुलाने स्वतः लिहिलेल्या पायऱ्या दिसाव्यात, आणि करार संपल्यावर सर्व संवाद पुसल्याचा दाखला मिळावा. तिसरी मागणी मान्य झाली आहे. दुसरी विचाराधीन असल्याचे कळवले आहे. पहिल्या मागणीवर उत्तर आले की, इतकी अडवणूक केल्यास विद्यार्थी सहायकाचा वापर कमी करतील. आम्ही उलट कळवले आहे की, तसा वापर कमी झाला तरी आमची हरकत नाही, आणि पुढचे नूतनीकरण याच मागणीवर अवलंबून राहील.